एकसष्ट ठिपके

पेरूला आधी जाळी घालायची, मग पिशवी. उलटं केलं तर फळाला डाग पडतो.

दोन्ही टोकांना तासलेली शिसपेन्सिल. दत्तोबाच्या कानामागे.

चारशे बारा.

संगणकाच्या पंख्यात अडकलेलं उसाचं पाचट, बोटभर.

टॉवेलावर ठेवलेला फोन. टॉवेलाला तंबाखूचा वास.

काम झालं, असं मशीन कधी सांगत नाही. चुकलं तरच बोलतं. गप्प राहिलं म्हणजे झालं.

झुंबर आबा ऑनलाइन आहेत.

*

मशीन तपासून घ्या

वृषाली खोमणे बारामतीत एका कंपनीचे सर्व्हर सांभाळते. वय तीस, भाड्याची खोली, स्कूटी, आणि दर रविवारी धाकट्या भावाचा, सौरभचा, एक फोन. फोनचा विषय ठरलेला. वडील, जोतीराम, जाऊन तीन वर्षं होत आली. इंदापूर तालुक्यातल्या त्यांच्या तीन एकरांना अजून वारस लागलेले नाहीत, आणि का लागले नाहीत तर वृषालीची एक सही राहिली आहे म्हणून. हक्कसोडपत्रावरची. बापाच्या जमिनीतला माझा वाटा मी भावाला सोडला, असं लिहून द्यायचं. गावात सगळ्याच बहिणी देतात. ओवाळणीच असते ती, फक्त उलट्या दिशेनं जाणारी.

वृषालीनं नाही म्हटलं नव्हतं. हो पण म्हटलं नव्हतं. कागद आठ महिने तिच्या पिशवीत होता, लॅपटॉपच्या चार्जरशेजारी. रोज चार्जरबरोबर बाहेर यायचा, रोज आत जायचा.

फेब्रुवारीत दत्तोबाचा फोन आला. दत्तोबा म्हणजे गावच्या पाणी वापर संस्थेचा सचिव. कालव्याला पाणी सुटलं की ते फाट्याला येतं, फाट्यावरून चाऱ्यांना, चारीवरून एकेकाच्या रानात. कुणाची पाळी कधी, किती तास, हे ही संस्था ठरवते.

"जोतीरामची लेक न्हवं का तू? संगणकातली? मंग ये की. एक डबा बसवायचाय."

"कसला डबा, काका?"

"बोलायचा डबा. आपला आपला."

झालं होतं असं की, गेल्या हंगामात पाळीचा निरोप मोबाइलवरच्या गटात टाकला होता. त्या दिवशी कुणाच्या तरी नातवाचा वाढदिवस होता. केक, फुलं, हात जोडलेली चित्रं. निरोप त्याच्याखाली गाडला गेला. एकाची पाळी हुकली, दोघांची डोकी फुटली. तेव्हा अध्यक्ष विजयसिंहदादांनी सभेत सांगून टाकलं की पाणी आपलं तर निरोपही आपल्याच घरातून गेला पाहिजे. कंपन्यांच्या कचेऱ्यांत लोक एकमेकांशी कामाचं बोलायला सॉफ्टवेअर वापरतात, तसलं आणायचं. त्यात कामापुरते वेगळे कट्टे करता येतात, दोघांना खाजगी बोलता येतं, जो हजर आहे त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका दिसतो, आणि कुणी काय कधी बोललं ते पुसता येत नाही. वरती नियम केला: निरोप आला की सभासदानं अर्ध्या तासात 'घेतो' लिहायचं. नाही लिहिलं तर पाळी पुढच्याला.

सर्व्हर म्हणून संस्थेनं जे मशीन दाखवलं ते साखर कारखान्याच्या गेटवरून भंगारात निघालेलं होतं. वृषालीनं झाकण उघडलं. आत मळी वाळल्यासारखी काळी धूळ, पंख्यात पाचट. तिनं चिमट्यानं ते पाचट काढून खिडकीत ठेवलं. का ठेवलं कोण जाणे. टाकवलं नाही.

*

हाताने बसवा

सॉफ्टवेअर बसवायची सोपी रीत असते: एक आज्ञा द्यायची, चहा प्यायचा, झालेलं असतं. मशीननं ती नाकारली. म्हणालं, मी फार जुनं आहे.

मग हातानं. आधी डेटाबेस, म्हणजे सगळं साठवायची कोठी. मग तिच्यासाठी वेगळा पहारेकरी, ज्याला दुसऱ्या कशालाच हात लावता येत नाही. मग गाठोडं उतरवून घ्यायचं, सोडायचं, एकेक भाग आपल्या जागी ठेवायचा, कोणी कुणाशी बोलायचं ते फाईलमध्ये लिहून द्यायचं. एक स्वल्पविराम चुकला तर सगळं रुसतं. वृषालीला ही रीत आवडायची. सोप्या रीतीनं बसवलेलं आपलं वाटत नाही. हातानं बसवलं की कुठल्या भिंतीत कुठली वायर आहे ते अंधारात पण सांगता येतं.

पुढं तिला वाटलं की हेच नडलं. तिला कुठं काय साठतं ते माहीत होतं.

शेवटी सभासदांची यादी भरायची. दत्तोबानं पेनड्राइव्ह दिला. बारामतीच्या टायपिंगवाल्याकडून त्यानं जुनं रजिस्टर टाइप करून आणलं होतं. नाव, चारी, क्षेत्र, मोबाइल नंबर. चारशे बारा ओळी. वृषालीनं एका आज्ञेत चारशे बारा खाती उघडली. मशीन काही बोललं नाही.

पुढचे आठ दिवस दत्तोबा मोटरसायकलवरून वस्त्यावस्त्यांवर फिरला. यादीतला नंबर लावायचा, घरातून जो फोन वाजेल तो मागून घ्यायचा, त्यात ॲप घालायचं, पुढच्या घरी. त्याला चहाला पण वेळ नव्हता.

*

चालू करून बघा

बुधवार. दुपारचे बारा. पाणी सुटायला पाच दिवस. कचेरीत वृषाली आणि दत्तोबा, दोघंच. पत्रा तापून कडकड वाजत होता. तिनं सगळ्यांना निरोप पाठवला: 'चाचणी. पाळी येत आहे. घेता का?'

आणि पडद्यावर हिरवं पीक आलं. डावीकडच्या यादीत एकेक ठिपका पेटत गेला. उत्तरं वाहायला लागली. घेतो. घेतो. व्हय घेतो. कुणीतरी हात जोडलेलं चित्र टाकलं.

"हे चित्रवालं भाद्दर हितं बी आलं का!" दत्तोबा खूश होता. चष्मा वर करून तो एकेक नाव मोठ्यानं वाचायला लागला. पाचव्या की सहाव्या नावाला त्याचा आवाज खाली बसला.

"झुंबर आबा... घेतो."

"मग?"

"पोरी, झुंबर आबाला म्या खांदा दिलाय."

वृषालीला वाटलं, थट्टा करतोय. तिनं त्याच्याकडं बघितलं. त्यानं कानामागची पेन्सिल काढून हातात धरली होती, नुसतीच.

"हे मल्हार मिस्त्री. गेल्या दिवाळीच्या आधी. हे बघ, घेतो म्हणतुया. हिंदुराव पैलवान. व्हय घेतो. अगं, त्याची तर राख बी..." तो खुर्चीवर बसला. "बंद कर. बंद कर ते आधी."

तिनं बंद केलं नाही. तिनं जुनं रजिस्टर मागितलं.

रजिस्टरमध्ये नावं शाईनं होती. काही नावांच्या डावीकडं, अगदी समासाजवळ, पेन्सिलीचा एक बारीक ठिपका होता. तांदळाएवढा पण नाही.

"हा ठिपका काय, काका?"

"त्यो मयताचा."

"नाव का नाही कापलं?"

"कसं कापायचं? शाईनं कापलं की माणूस गेला. वारसाचा कागद येत न्हाय तवर नाव असतंय. ठिपका म्हंजी... गेलाय, पर कागद यायचाय." त्यानं पेन्सिल परत कानामागे ठेवली. "माझ्या आधीच्या सचिवानं बी असंच केलं. त्याच्या आधीच्यानं बी."

टायपिंगवाल्यानं शाई टाइप केली. पेन्सिल त्याला दिसली नाही, नाहीतर माशीची घाण वाटली असेल. वृषालीनं मोजले. एकसष्ट ठिपके. एकसष्ट मेलेल्या माणसांना तिनं आपल्या हातानं नाव, पासवर्ड आणि हजेरी देऊन चालू केलं होतं. त्यांचे फोन कुणाच्या मुलाकडं, कुणाच्या सुनेकडं. ॲप आलं, निरोप आला, त्यांनी लिहिलं, घेतो. त्यांच्या दृष्टीनं त्यात काही वावगं नव्हतं. पाळी पहिल्यापासून आबांच्याच नावावर येत होती.

"झुंबर आबाच्या घराला तर कुलूप हाय," दत्तोबा पुटपुटला. "म्या तितं गेलोच न्हाय."

"मग कुणी लिहिलं?"

"शेजारचा रतन कसतोय ते रान. त्यानं घेतलं असंल सिम." मग पुन्हा, "असंल."

वृषाली रजिस्टरची पानं उलटत होती. तिला माहीत होतं ती काय शोधते आहे. एकशे अठ्ठ्याहत्तरावं नाव. जोतीराम खोमणे, चारी तीन, तीन एकर. डावीकडं ठिपका.

तिनं पडद्याकडं बघितलं. जोतीराम खोमणे यांनी 'घेतो' लिहिलं नव्हतं. काहीच लिहिलं नव्हतं. फक्त नावापुढे हिरवं होतं.

*

विजयसिंहदादांनी फोनवर शांतपणे ऐकून घेतलं, मग एवढंच बोलले. "सोमवारी पाणी सुटायच्या आत मयत काढा. मेल्यांच्या नावावर पाणी दिलं असं उद्या कुणी बोललं, तर तोंड दाखवायला जागा न्हाय."

"आणि त्यांच्या घरच्यांची पाळी?"

"वारसांनी संस्थेपुरता अर्ज द्यावा. दत्तोबाला सांगा, रविवारपर्यंत घ्या म्हणावं."

दत्तोबानं अर्जाचा नमुना काढला. सगळ्या वारसांची नावं लिहायची, सगळ्यांच्या सह्या. एखादं नाव वगळायचं तर त्याचं हक्कसोडपत्र जोडायचं.

सौरभचा फोन रविवारची वाट न बघता त्याच दिवशी आला. बातमी चारीच्या पाण्यापेक्षा आधी पोचली होती.

"ताई, आता तरी दे की सही. पेरू सेटिंगला आलाय, फळ धरतंय. ह्या आवर्तनाला पाणी चुकलं तर फळ गळंल."

"कळतंय मला."

"कळतंय तर मग? तुला कुठं नांगर धरायचाय? मी काय तुला परकी करतोय का? दर वर्षी पेटी पाठवतो ना पेरूची."

"पाठवतोस."

"मग शनिवारी येतीस का? कागद घेऊन ये."

"येते," ती म्हणाली. आणि खरंच, त्या क्षणी तिनं सही करायची ठरवली होती. पिशवीतला कागद बाहेर काढून तिनं त्यावर पेन पण ठेवलं.

*

गुरुवार, दहा चाळीस

कंपनीत टेबलावर बसून तिनं संस्थेचा पडदा उघडला. चाचणीनंतर काही बिघडलंय का बघायला, असं तिनं स्वतःला सांगितलं. यादीत बापाचं नाव शोधलं. हिरवं. तिनं नावावर बोट ठेवलं. दोघांपुरती खाजगी खिडकी उघडली, कोरी, पांढरी. खाली बारीक अक्षरांत:

जोतीराम खोमणे टाइप करत आहेत…

ती तीन टिंबं हलत होती. एक वर, एक खाली. ती बघत राहिली. अकराला पाच कमी असताना टिंबं थांबली. निरोप आला नाही.

शुक्रवार. दहा चाळीस. टाइप करत आहेत… अकराला चार कमी. काही नाही.

शेजारच्या टेबलावरची सोनम म्हणाली, "काय गं, भूत बघितल्यासारखी बसलीयेस."

"काही नाही, एक जण टाइप करतोय."

"मग करू दे की. बॉयफ्रेंड?"

"बाबा," वृषाली म्हणाली.

सोनम हसली. तिला माहीत नव्हतं.

बाप निरोप असाच द्यायचा. फोन लावायचा, बोलायचा नाही, नुसता श्वास. मग म्हणायचा, "वृषाबाई, जेवलीस का?" ती म्हणायची हो. मग पुन्हा श्वास. एकदा ती चिडून म्हणाली होती, बाबा, बोलायचं नसेल तर फोन का करता. तो म्हणाला, बोलतोच आहे की.

*

शनिवार. घर.

कौसल्या चुलीपुढं बसून भाकरी थापत होती. पडवीत पेरूच्या पिशव्यांचे गठ्ठे. कोनाड्यात, देवाच्या फोटोखाली, चार्जरला लावलेला फोन. खाली बापाचा टॉवेल घडी करून ठेवलेला. सौरभ दूध घालायला गेला होता.

"आई, बाबांचा फोन कोण वापरतं?"

"कोण वापरणार? म्या चार्जिंगला लावते."

"का?"

"असू दे चालू."

"दत्तोबाकाकांनी त्यात ॲप घातलंय."

"आला हुता. चा बी घेतला न्हाय मेल्यानं. कायतरी हिरवं हिरवं केलं आन् गेला."

"त्यावरून रोज मला कुणीतरी लिहितंय. लिहितंय आणि पाठवत नाही."

कौसल्यानं भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला. वर बघितलं नाही. "मला मेलीला काय येतंय त्यातलं."

हे खरं होतं, निदान घरात सगळे ते खरं धरून चालत. आईला अक्षराचं अवघड. पेपर बाप वाचून दाखवायचा आणि ती ऐकत गवारी मोडायची. वीजबिल, लग्नपत्रिका, औषधाची बाटली, काहीही पुढं केलं की ती म्हणायची, चष्मा न्हाय, तूच वाच. तिच्याकडं चष्मा कधीच नव्हता.

"सौरभ करतो का?"

"त्यो कशाला करंल? त्याचा फोन हाय की त्याला. आन् धा-साडेधाला त्यो बाजारात असतुया. घरात म्याच असते."

"मग कोण?"

"असंल तुझा बाप," कौसल्या म्हणाली आणि भाकरी उलटली. "त्याला सवयच हुती. बोलायचं एक आन् गिळायचं दहा."

वृषालीला हसू यायला हवं होतं. तिनं वळून बघितलं. कोनाड्यातल्या फोनचा पडदा काळा होता, त्यात चुलीचा जाळ तेवढा हलत होता.

सौरभ आला. हातपाय धुऊन शेजारी बसला. "कागद आणलास?"

"आणलाय. उद्या देते. उद्या कचेरीतच यायचंय मला."

कौसल्यानं भाकरी तिच्या ताटात टाकली. जरा जोरात टाकली.

*

आधी प्रत काढून ठेवा

रविवारी सकाळी नऊला कचेरीपुढं रांग होती. सात-बाराचे उतारे, मृत्यूचे दाखले, आधार कार्डाच्या झेरॉक्स, कडेवर पोरं. एक म्हातारी दत्तोबाशी भांडत होती.

"माझ्या मालकाचं नाव कापायचं न्हाय. माझं खाली लिव्ह. त्येंचं वर राहू दे."

"आजे, कागदात वर-खाली नसतंय."

"मंग शेजारी लिव्ह. चाळीस वर्सं शेजारीच हुते."

वृषाली आतल्या खोलीत सर्व्हरपुढं बसली. काही पुसायच्या आधी सगळ्याची प्रत काढायची, हा तिच्या कामाचा पहिला नियम. प्रत काढताना मशीन एकेक कप्पा मोजून दाखवत होतं. सभासद: चारशे बारा. कट्टे: सहा. निरोप: सातशे त्रेचाळीस. आणि एक कप्पा, जो कुणाला दिसत नाही. लिहायला घेतलेलं आणि न पाठवलेलं सगळं त्यात साठतं, म्हणजे माणूस परत आला की तिथून पुढं लिहील.

मसुदे: एक.

चारशे बारा माणसांत एकच मसुदा. बाकीच्यांनी लिहिलं ते पाठवलं.

तिचा दुसरा नियम: सर्व्हर सांभाळणाऱ्याला सगळं दिसतं, म्हणून त्यानं बघायचं नसतं. सहा वर्षं तिनं तो पाळला होता. कंपनीतल्या कुणाचं कुणाशी काय चालतं, हे एका आज्ञेच्या अंतरावर असूनही तिला माहीत नव्हतं.

बाहेर म्हातारी म्हणत होती, "ठिपका तरी ठेव. ठिपका तरी ठेवशील का न्हाय?"

वृषालीनं आज्ञा लिहिली.

लिहिणारा: जोतीराम खोमणे. कुणासाठी: वृषाली खोमणे. सुरू केला: गुरुवार, दहा चाळीस. शेवटचा बदल: काल, दहा त्रेपन्न. काल. म्हणजे ती वळणावर स्कूटी उभी करून पेट्रोल भरत होती तेव्हा. ती घरी पोचायच्या पाऊण तास आधी.

मजकूर:

वृषाबाई, सही करू नको. तुझं नाव लाव.

खोलीत पंखा फिरत होता. पाचट काढल्यापासून त्याचा आवाज यायचा बंद झाला होता, आता पुन्हा यायला लागला, किंवा तो तिच्या कानातला होता. वृषाबाई तिला एकच माणूस म्हणायचा. तिनं ती ओळ पुन्हा वाचली. तीन दिवस. रोज पाव तास. आठ शब्दसुद्धा नाहीत. किती वेळा लिहून किती वेळा पुसलं असेल. पाठवायचं बटण शेजारीच असतं, नखाएवढं.

ती उठून बाहेर गेली. रांगेत न थांबता दत्तोबाच्या टेबलाशी उभी राहिली. "काका, एक अर्ज द्या."

"कुणासाठी?"

"एकशे अठ्ठ्याहत्तर."

तिनं उभ्याउभ्याच लिहिलं. कौसल्या जोतीराम खोमणे. वृषाली जोतीराम खोमणे. सौरभ जोतीराम खोमणे. दत्तोबानं उलट्या बाजूनं वाचलं.

"हक्कसोड?"

"नाही जोडायचं."

"सौरभला इचारलंस?"

"वारस आहे मी, काका. त्यात विचारायचं काय? आईची सही तुम्ही दुपारी घरी जाऊन घ्या. सौरभचीही. नाही केली तर मला फोन करा."

रांगेतली मघाची म्हातारी तिच्याकडं टक लावून बघत होती, राग होता की दुसरं काही, ते कळत नव्हतं. दत्तोबानं रजिस्टर उघडलं. खोडरबर घेतलं. जोतीराम खोमणे या नावामागचा पेन्सिलीचा ठिपका त्यानं पुसला, फुंकर मारली. मग पट्टी ठेवून नावावर शाईची रेघ मारली, आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाला. सह्या आल्या की नावं चढवतो, असं तो बोलला, पण मग तिच्याकडं बघून त्यानं आताच चढवली.

*

बंद करा

दहा चाळीस. वृषाली आत येऊन बसली आणि खाजगी खिडकी उघडली. ठिपका हिरवा.

जोतीराम खोमणे टाइप करत आहेत…

तिनं लिहिलं: लावलं.

पाठवलं.

टिंबं थांबली. खिडकीत तिचा एक शब्द, बाकी पांढरं. तिनं वाट पाहिली. बाहेर कुणाचं तरी पोर रडत होतं. ठिपका बराच वेळ तसाच राहिला, कुणीतरी उंबऱ्यात उभं राहून आत न येणारं असावं तसा.

साठ नावांची आज्ञा तिनं आधी दिली. ठिपके एकेक करून राखाडी झाले. मल्हार मिस्त्री. हिंदुराव पैलवान. झुंबर आबांचा ठिपका गेला नाही. तिनं आज्ञा पुन्हा दिली. मशीन काही बोललं नाही, आणि तो गेला.

मग एकसष्टावं. तिनं नाव हातानं टाइप केलं, यादीतून उचललं नाही. शेवटचं अक्षर लिहून बोट तसंच ठेवलं. मग दाबलं. त्यानंतर वारसांची नवी खाती उघडली, आईचं बापाच्याच नंबरावर.

सौरभचा फोन दुपारी आला. दत्तोबा तिथून नुकताच गेला असावा. मागं मोटरसायकलचा आवाज होता.

"ताई, हे काय केलंस?"

"पाणी मिळेल उद्या. तिघांच्या नावानं."

"आणि सही?"

"नाही देणार."

पलीकडून नुसता श्वास. तिला वाटलं, बापाचाच आहे.

"सौरभ, बोल की."

"काय बोलू? आईनं केलीय सही. ढिम्म काही न बोलता केली. मग मी बी केली." मग, "पेरूची पेटी न्यायला आता तूच ये. आता तुझं बी रान हाय. पिशव्या बांधायला बी ये."

"येईन."

"बघू," तो म्हणाला आणि ठेवून दिला.

*

सोमवार

पाणी पहाटे फाट्याला आलं. सव्वासात वाजता चारी तीनच्या कट्ट्यावर निरोप गेला: 'खोमणे, तिघे. पाळी साडेआठ ते दोन. घेता का?'

सौरभ डेअरीवर होता. वृषाली बारामतीच्या रस्त्याला स्कूटीवर, फोन पिशवीत, पिशवीत तोच कागद, बिनसहीचा. ती पोचेपर्यंत अर्धा तास होऊन गेला होता. तिनं फोन काढला. पाळी हुकली असेल, असं तिनं धरलंच होतं.

निरोपाच्या खाली एक उत्तर होतं. सात वाजून सोळा मिनिटांनी आलेलं.

कौसल्या खोमणे: घेते. आधी पेरूला, मग गुरांच्या कडवळाला. वरच्या अंगाला पाण्याचा दंड फुटला आहे, सौरभला खोरं घेऊन पाठवा.

दत्तोबाचा फोन लागोपाठ आला. "वृषाली, तुझ्या आईला हे कुणी शिकवलं गं?"

"मला काय माहीत, काका," ती म्हणाली. रस्त्याच्या कडेला उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या. खाजगी खिडकीत बापाचं नाव राखाडी होतं आणि त्याखाली तिचा एकच शब्द.

१९८९च्या उन्हाळ्यात, लग्नाच्या आधीच्या वर्षी, कौसल्या माहेरी, कऱ्हाटीला, साक्षरता वर्गात बायकांना लिहायला शिकवत होती. वर्गात एकोणीस बायका होत्या.